प्राण्यांच्या निवाऱ्याला आधी फरशी आणि गटार द्या

मा. संपादक,
सादर नमस्कार विनंती विशेष.

आमच्या भागातील भटक्या, जखमी आणि सोडून दिलेल्या प्राण्यांच्या निवाऱ्याची जुनी इमारत पाडून नव्याने बांधण्याचा विचार त्याच्या विश्वस्तांनी बोलून दाखवल्यापासून सहकारनगर, धनकवडी आणि बिबवेवाडीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर दुसरा विषय नाही. निवारा येथून उचलून शहराबाहेर न्यावा, असे काहींचे म्हणणे आहे, तर वर्गणी काढून आहे त्याच जागी तो उभा करावा, असे इतरांना वाटते. मी दुसऱ्या बाजूचा आहे. मात्र या बाजूला वर्गणीचा उत्साह जितका दिसतो, तितका ती कशावर खर्च व्हावी याचा विचार दिसत नाही, म्हणून हे पत्र. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण विश्वस्त मंडळाने निधीसंकलन अद्याप अधिकृतपणे जाहीर केलेले नाही, आणि पुण्यात या अवस्थेतला हा एकटाच निवारा आहे असेही नाही.

माझी सारी नोकरी इमारतींच्या कामावर गेली. निवृत्त झाल्यावर शेजारी म्हणून विश्वस्तांनी मला ही वास्तू पाहायला बोलावले, तेव्हा छप्पर केव्हा कोसळेल असे काहीसे ते विचारतील, अशी माझी अपेक्षा होती आणि त्यांनी तेच विचारले. छप्पर जुने आहे, सिमेंटचे पत्रे जागोजागी तडकले आहेत, एप्रिलमध्ये दुपारी शेडमध्ये उभे राहवत नाही, हे सगळे खरे आहे. तरीही या इमारतीचे खरे दुखणे वर नाही, पायाखाली आहे.

शेडमधली फरशी शहाबादी आहे. ज्या काळी ती बसवली त्या काळी दुसरे काही परवडण्यासारखे नव्हते, त्यामुळे तेव्हाच्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. पण शहाबादीचे पापुद्रे सुटतात, सांध्यांतले सिमेंट रोजच्या धुण्याने निघून जाते, आणि खालची भर इतक्या वर्षांत खचल्यामुळे पाणी जिकडे वाहायला हवे त्याच्या नेमके उलट बाजूला साचते. ज्यांना वर्गणी द्यायची आहे त्यांनी सकाळी पिंजरे धुण्याच्या वेळी एकदा तिथे जाऊन उभे राहावे. कामगार बादली ओततात, खराट्याने पाणी गटाराकडे ढकलतात, आणि त्यांची पाठ वळली की त्यातले निम्मे पाणी कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात परत येऊन थांबते. जाळीचा खालचा हातभर भाग गंजून गेला आहे, तुटलेल्या तारांची टोके आत वळली आहेत, आणि ती कुत्र्यांच्या तोंडाला लागू नयेत म्हणून कोणीतरी सायकलची जुनी ट्यूब कापून त्यांवर गुंडाळली आहे. गुंडाळणाऱ्याचे मला कौतुक वाटले, पण ट्यूबच्या जोरावर निवारा किती वर्षे चालवायचा?

फरशीच्या सांध्यांवर मी इतका अडून का बसलो आहे, ते सांगतो. कुत्र्यांच्या पिलांना होणारा पार्व्हो हा रोग ज्यांनी घरात पाहिला आहे त्यांना त्याची धास्ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. रक्ती जुलाब, उलट्या, आणि लस न टोचलेले पिलू दोन-चार दिवसांत हातचे जाते. या रोगाचा विषाणू विलक्षण चिवट आहे. विष्ठेवाटे तो जमिनीत, भेगांत आणि सांध्यांत गेला की महिनोन् महिने तिथे टिकून राहतो. साध्या फिनेलने तो मरत नाही. ब्लीचने मरतो, म्हणजे घरगुती ब्लीचच्या एका भागाला साधारण तीस भाग पाणी घेऊन ते दहा मिनिटे पृष्ठभागावर राहू दिले तर मरतो, पण त्यासाठी पृष्ठभाग आधी स्वच्छ धुतलेला असावा लागतो आणि तो पाणी शोषून घेणारा असून चालत नाही. फुटक्या शहाबादीवर ओतलेले ब्लीच सांध्यात शिरून तिथल्या घाणीतच निष्प्रभ होते. म्हणजे एखाद्या दात्याने आणून सोडलेली पिलांची अख्खी वीण, कामगारांनी मनापासून सेवा करूनही, केवळ फरशीमुळे दगावू शकते. आणि आपण नागरिक तिथे काय नेऊन देतो, तर फिनेलचे कॅन. भांडारात त्यांची थप्पी लागलेली आहे. फिनेल मांजरांना विषारी असते, हेही देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

देणग्यांविषयी हे लिहिताना मला कोणाचा हिरमोड करायचा नाही. वाढदिवसाला केकऐवजी बिस्किटांचे पुडे घेऊन येणारी मुले, थंडीच्या आधी जुनी स्वेटरे आणि सतरंज्या आणून देणाऱ्या गृहिणी, सोसायटीतले उरलेले अन्न डब्यात भरून पोहोचवणारे काका, ही सगळी भली माणसे आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट कीर्तनात ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळे प्राण्यावर दया म्हणजे त्याला खाऊ घालणे हे आपल्या मनात पक्के बसले आहे. मात्र या निवाऱ्यात खाण्याची वानवा फारशी नाही. तिथे उणीव आहे ती उताराची. फुटाला पाव इंच उतार दिलेला, सांधे नसलेला कडक कोबा, भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे घाण अडकू नये म्हणून काढलेला गोलसर वाटा, प्रत्येक पिंजऱ्याच्या मागून जाणारी झाकणाची पन्हळ आणि त्या पन्हळीचे सांडपाणी घेणारे नीट बांधलेले चेंबर, एवढे झाले तर निम्मी इमारत नवी झाली असे मी समजेन. चेंबरवर कोणी आजोबांच्या स्मरणार्थ पाटी लावत नाही, हीच त्यातली अडचण आहे. नगरसेवकांच्या ‘स’ यादीतून, म्हणजे प्रभागातल्या कामांसाठीच्या निधीतून, बाक आणि कमानी का निघतात आणि गटारे का निघत नाहीत, याचेही कारण बहुधा हेच असावे.

फरशीइतकीच निकडीची दुसरी गोष्ट म्हणजे नव्याने येणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळी खोली. सध्या रस्त्यावरून उचलून आणलेला कुत्रा जागा असेल त्या पिंजऱ्यात जातो. त्याच्या अंगात डिस्टेंपर हा कुत्र्यांचा सांसर्गिक रोग मुरत असेल तर लक्षणे दिसायला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात, आणि तोपर्यंत त्याच्या शिंकेतून आणि खोकल्यातून तो शेजारच्यांना झालेला असतो. त्यामुळे नव्या आराखड्यात मुख्य शेडपासून दूर, वेगळ्या दाराची आणि मुख्य म्हणजे वेगळ्या सांडपाण्याची विलगीकरणाची जागा असलीच पाहिजे, तिच्या बादल्या, खराटे आणि गमबूट तिथेच राहिले पाहिजेत, आणि तिथले काम दिवसाच्या शेवटी झाले पाहिजे. विश्वस्तांनी मला दाखवलेल्या कच्च्या नकाशात प्रवेशद्वाराशी देणगीदारांचे दालन आणि सभागृह आहे. विलगीकरणाची खोली मात्र मुख्य शेडला चिकटून, तिच्याच पन्हळीवर आहे. सभागृह पुढच्या पिढीने बांधावे.

आता शेजाऱ्यांच्या तक्रारींकडे येतो. वास आणि भुंकणे, या दोन तक्रारी खोट्या नाहीत. माझे घर दोन गल्ल्या सोडून आहे, आणि पावसाळ्यात वारा फिरला की मीही खिडक्या लावून घेतो. निवारा आधीचा आणि आपल्या इमारती नंतरच्या, हे उत्तर बरोबर असले तरी रात्री झोप न लागणाऱ्या माणसाला ते सांगून उपयोग नाही. पण वास येतो तो उघड्या पन्हळीचा आणि तुंबलेल्या चेंबरचा. भुंकण्याचेही बरेचसे कारण बांधकामात आहे. समोरासमोर जाळीचे पिंजरे असले की प्रत्येक कुत्र्याला दिवसरात्र दुसरा कुत्रा दिसत राहतो, एक भुंकला की रांगच्या रांग उठते, आणि वरच्या पत्र्यामुळे तो आवाज घुमून बाहेर पडतो. पिंजऱ्यांची तोंडे एकाच दिशेला ठेवली, मधल्या भिंती कुत्र्याच्या नजरेच्या वरपर्यंत भरीव बांधल्या, छताखाली उष्णता आणि आवाज दोन्ही अडवणारा थर दिला आणि सोसायट्यांच्या बाजूची भिंत बंद ठेवली, तर फरक पडतो. म्हणजे ज्यांना प्राण्यांविषयी ममत्व नाही, अशा शेजाऱ्यांनीही या पुनर्बांधणीला हातभार लावण्यात त्यांचाच फायदा आहे.

निवारा शहराबाहेर हलवण्याची सूचना ऐकायला सोपी वाटते. जागा विकून मुळशी किंवा पुरंदर तालुक्यात तिच्या कितीतरी पट जमीन घेता येईल, असा हिशेबही कोणीतरी मांडला आहे. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे त्या हिशेबात धरलेले नाही. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो तो अंतराचा. सातारा रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याला रिक्षात घालून दीड तास कोण नेणार? सकाळी कॉलेजच्या आधी तासभर येऊन पिंजरे धुणारी मुले तिथवर कशी पोहोचणार? शिवाय निवाऱ्यातल्या पिलांना घरे मिळतात ती सहज डोकावणाऱ्या कुटुंबांमुळे, आणि जिथे कोणी डोकावत नाही तिथे प्राणी आत येत राहतात, बाहेर जात नाहीत आणि गर्दी वाढत जाते. शहराबाहेरचा निवारा हा काही काळाने निवारा राहत नाही, कोंडवाडा होतो.

ही गर्दी यापुढे वाढणार आहे. भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी आधीच्या, 11 ऑगस्टच्या आदेशात बदल करून निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री, रेबीजग्रस्त वा आक्रमक नसतील तर, मूळ जागी सोडण्यास सांगितले. पुढे 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत आणि ती पुन्हा तिथे सोडू नयेत, असे राज्यांना बजावले. या आदेशांच्या बाजूने किंवा विरोधात पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी भर घालत नाही. मला दिसते ते इतकेच, की पुण्यासारख्या शाळा-कॉलेजांच्या शहरात अशी आवारे गल्लोगल्ली आहेत आणि उचललेल्या कुत्र्यांना ठेवायला धड जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. प्राणी जन्मनियंत्रण नियम, 2023 नुसार निर्बीजीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे, ती महापालिकेने पार पाडावी आणि त्यासाठी तिला जाब विचारावा. पण म्हातारी, अपंग, अपघातात पाय गेलेली, मालकाने दारातून हाकललेली जनावरे निर्बीजीकरणाच्या केंद्रात राहू शकत नाहीत. ती अशा न्यासांच्या निवाऱ्यांकडेच येतात.

पैसा कुठून यावा, याबद्दल आपल्याकडे जुना आणि चांगला दाखला आहे. मुंबईची पांजरपोळ 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने सुरू झाली. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1832 मध्ये, कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मुंबईत मोठा दंगा झाला होता. या थोर दात्यांची नावे आपण घेतो, पण पश्चिम भारतातल्या पांजरपोळी टिकल्या त्या व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून बसवून घेतलेल्या लहानशा लाग्यामुळे. गाठीमागे, पोत्यामागे काही ठरावीक रक्कम पांजरपोळीच्या खात्यात जाई, आणि ती मंदीतही जाई. आपल्या निवाऱ्याची मुख्य शेडही एका दानशूर कुटुंबाच्या एकरकमी देणगीतून उभी राहिली. त्यानंतर दुरुस्तीसाठी दरवर्षी बाजूला काढलेला पैसा कधी नव्हता, म्हणून ती आज या अवस्थेला आली. नवी इमारत बांधून हीच चूक पुन्हा करायची असेल, तर चाळीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला तरी असेच पत्र लिहावे लागेल.

म्हणून माझी सूचना अशी, की बांधकामाचा पैसा आणि देखभालीचा पैसा यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी असावीत. बांधकामासाठी मोठ्या देणग्या आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मिळवावा. कंपनी कायदा, 2013 च्या सातव्या परिशिष्टात प्राणीकल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि खराडी, हिंजवडी, चाकण इथे अशा निधीच्या कंपन्या कमी नाहीत. त्यासाठी संस्थेची आवश्यक ती नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब तयार लागतात, ते काम आजच सुरू करावे. देखभालीसाठी मात्र आपण शेजाऱ्यांनी दरमहा थोडे द्यावे. पाचशे सदनिकांनी महिन्याला वीस रुपये दिले तर दहा हजार होतात. त्यात पन्हळींची साफसफाई, जाळ्यांची रंगरंगोटी आणि चेंबर उपसण्याचा खर्च निघण्यासारखा आहे. ही रक्कम सोसायटीच्या मासिक बिलात घुसडू नये, ती ऐच्छिक असावी, अन्यथा पहिल्याच सर्वसाधारण सभेत भांडण होऊन सगळा विषय बारगळेल. प्राप्तिकरातल्या सवलतीचे आमिष फार दाखवू नये हे बरे, कारण देणग्यांवरची, ‘80 जी’ म्हणून ओळखली जाणारी वजावट नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर ती जुन्या प्रणालीतही मिळत नाही.

विश्वस्तांनाही दोन गोष्टी स्पष्ट सांगणे भाग आहे. दरवर्षीचे हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल होतात, यावर समाधान मानण्याचे दिवस गेले. लोकांकडून लोकवर्गणी घ्यायची असेल तर जमा, खर्च, आलेले प्राणी, दत्तक गेलेले प्राणी आणि दगावलेले प्राणी हे सर्व आकडे दर महिन्याला फाटकावरच्या फळ्यावर लागले पाहिजेत. दगावलेल्यांचा आकडा लिहायला संकोच वाटेल, हे मी समजू शकतो. पण तोच आकडा फरशी बदलल्याने काय साधले ते सांगेल, आणि तो लपवला की अफवा त्याची जागा घेतात. बांधकाम समितीत विश्वस्तांखेरीज एक पशुवैद्य, एक स्थापत्य अभियंता, शेजारच्या सोसायट्यांचा एक प्रतिनिधी आणि पिंजरे धुणाऱ्या कामगारांपैकी एक जण असावा. पाणी कुठे साचते ते त्या कामगाराइतके कोणत्याही वास्तुविशारदाला ठाऊक नसते.

प्राणी आत असताना शेड पाडायची कशी, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. काम टप्प्याटप्प्यानेच करावे लागेल. दिवाळी उरकली की आधी मोकळ्या बाजूला विलगीकरणाची नवी खोली आणि सांडपाण्याची मुख्य वाहिनी, मग जुन्या शेडचा अर्धा भाग, मग उरलेला अर्धा, आणि छप्पर काहीही झाले तरी मृगाच्या आत पूर्ण. सिमेंटचे जुने पत्रे घण घालून फोडू देऊ नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, म्हणून ते ओले करून अखंड उतरवावे लागतात आणि तसे ठेक्यात लिहून घ्यावे लागते. जोतेही वाढवायला हवे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने या परिसरात काय केले ते आपण पाहिले आहे, आणि 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी कसे शिरले तेही. बंद पिंजऱ्यातले जनावर पुरात पोहूनही जाऊ शकत नाही, त्यामुळे नाल्याकाठच्या निवाऱ्याचे जोते 2019 च्या पाण्याच्या खुणेच्या वर असणे, आणि सर्व पिंजऱ्यांच्या कड्या एकाच मार्गिकेतून चटकन उघडता येणे, या दोन गोष्टींत काटकसर करू नये.

या सहा-सात महिन्यांत निम्म्या प्राण्यांना बाहेर ठेवावे लागेल, आणि इथे पैशापेक्षा घरे लागतील. ज्या कुटुंबांना प्राणी कायमचा सांभाळणे शक्य नाही, पण एखादे लस टोचलेले, निर्बीजीकरण झालेले, शांत स्वभावाचे म्हातारे कुत्रे किंवा मांजर काम पूर्ण होईपर्यंत ठेवून घेणे शक्य आहे, त्यांनी आपली नावे निवाऱ्यात नोंदवावीत. औषधपाण्याची जबाबदारी संस्थेने लेखी घ्यावी, आणि प्राणी न जमल्यास आठवडाभरात परत घेण्याची हमीही द्यावी, कारण त्या भीतीने पुष्कळ जण मागे राहतात. माझ्या माहितीतल्या काही निवृत्त जोडप्यांनी तयारी दाखवली आहे. आमच्या इमारतीच्या समितीने सुरुवातीला नाक मुरडले, नंतर तळमजल्यावरची सायकलींची बंद खोली तीन मांजरांसाठी द्यायचे कबूल केले.

आराखडा महापालिकेकडे मंजुरीसाठी जाण्यापूर्वी त्याची एक प्रत फाटकावर लावावी आणि एखाद्या रविवारी सकाळी, पिंजरे धुण्याच्या वेळीच, शेजाऱ्यांना तिथे बोलवावे, अशी विश्वस्तांना माझी विनंती आहे. उताराची आणि चेंबरची मापे तपासून देण्याचे काम मी विनामोबदला करीन, तसे त्यांना स्वतंत्रपणे कळवलेही आहे. आपल्या लोकप्रिय दैनिकाने हे पत्र छापून या विषयाला वाचा फोडावी, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
सहकारनगर, पुणे